बाबांच्या गाडीचे दोन बेल्ट

राजापूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय श्रुतिका,

नणंदेचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोन करता आला असता. पण आपण दोघी फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला ठिणगी पडते, आणि बाबा शेजारी बसून स्पीकरवर सगळं ऐकत असतात. लिहिताना माणूस निदान पेन उचलून विचार करतो. शिवाय मी पोस्टात नोकरी करते. आमच्या धंद्याला आम्हीच हातभार लावायचा नाही तर कोणी लावायचा?

काल कृणालने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘बघ तायडे, तुझी जागा गेली.’ सोसायटीच्या कंपाउंडात आपली पांढरी गाडी, तिचं पुढचं उजवं चाक काढलेलं, बाबा प्लास्टिकच्या स्टुलावर, आणि खाली गोणपाटावर तू. हातात सतराचा पाना. अंगात माझा निळा शर्ट. तो शर्ट मी कपाटाच्या खालच्या खणात ठेवला होता, टाकून दिला नव्हता, एवढंच सांगते.

टायमिंग बेल्ट बदलताय म्हणे. तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. हा दात्यांचा रबरी बेल्ट इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागाचा ताळमेळ ठेवतो. एक दाता इकडचा तिकडे झाला की वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते. आपल्या गाडीला असे दोन बेल्ट आहेत, एक मोठा, एक छोटा. शिवाय आत दोन जड दांडे फिरतात, ते इंजिनाची थरथर मारतात. सत्तावीस वर्षांची गाडी अजून लोण्यासारखी चालते ती त्यांच्यामुळे. हे म्हणजे मिक्सरचं भांडं बदलणं नव्हे.

बाबांनी हे काम आजवर तीनदा केलं. दोन हजार चार, अकरा आणि अठरा. दर सात वर्षांनी, गॅरेजवाल्याचा हात न लागू देता. तिन्ही वेळा त्यांच्या शेजारी मी होते. चौथ्या वेळी मला कळलं ते फोटोवरून.

मला हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. पण काल रात्रीचं जेवण काही गेलं नाही. कोणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, तेवढं कळव.

तुझी,
हेमाताई

—

कांदिवली (पूर्व),
२७ जानेवारी

हेमाताईंना नमस्कार,

पत्र मिळालं. पोस्टमनने आधी ते चुकून दुसऱ्या विंगमध्ये टाकलं होतं. तुमच्या खात्याची तक्रार करत नाही, फक्त उशीर का झाला ते सांगतेय.

शर्ट बोहारणीला द्यायच्या गाठोड्यात होता. गाठोडं मी बांधलेलं नाही, कृणालने बांधलं होतं. मी तो बाहेर काढला म्हणून वाचला. हवा असेल तर धुऊन पाठवते, पण ग्रीस निघेल याची खात्री नाही.

आता कल्पना कोणाची ते. बाबांची. यंदा शिमग्याला गावी गाडीनेच जायचं, पालखी दारात येईल तेव्हा गाडी अंगणात उभी पाहिजे, असं त्यांनी दिवाळीतच ठरवलं होतं. सात वर्षं झाली, बेल्ट बदलल्याशिवाय घाट चढायचा नाही, हेही ठरलेलं. त्यांनी कृणालला विचारलं. तो म्हणाला, “बाबा, गॅरेजला टाकू ना, कशाला डोक्याला ताप?” त्यावर बाबा त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना खाली बसता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी मी लॅबमधून दुपारी आले तेव्हा ते जिन्यात उभे होते. म्हणाले, “तुका पानो धरूक येता?”

मी म्हटलं, येतो. ताई, मी मनोरीच्या कोळीवाड्यातली. आमच्या होडीचं इंजिन दहावीपासून मी उघडतेय. चैतन्य, माझा भाऊ, अजून नोझल साफ करायचं म्हटलं की मला फोन करतो. हे तुमच्या घरात लग्नाला सहा वर्षं होईपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

मग सुरू झालं. मी दोनला घरी येते, जेवते, तीन ते सहा काम. खालच्या मोठ्या पुलीचा बोल्ट तीन दिवस हलला नाही. शेवटी पान्याला लांब पाइप लावला आणि मी चक्क त्या पाइपावर उभी राहिले. बोल्ट सुटला आणि मी दाणकन फरशीवर बसले. बाबा इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. त्या दिवसापासून मला ‘मिस्त्री’ म्हणतात. सेक्रेटरी रतनभाई येऊन म्हणाले की कंपाउंडात गॅरेज चालणार नाही, तर बाबा म्हणाले, “मिस्त्रींका इचारा.”

रविवारी काम बंद. त्या दिवशी बाबा मानखुर्दला चंद्रप्रकाशकाकांकडे जातात. काका आता त्यांना ओळखत नाहीत. सख्ख्या धाकट्या भावाला ‘आपण कोण’ म्हणून विचारतात. बाबा परत येतात तेव्हा कोणाशी बोलत नाहीत. सोमवारी पाना हातात घेतला की माणसात येतात.

तुम्हाला का कळवलं नाही ते बाबांना विचारा. मला वाटलं, ते तुमच्याशी रोज बोलतात.

तुमची,
श्रुतिका

—

राजापूर,
३ फेब्रुवारी

प्रिय श्रुतिका,

बाबा माझ्याशी रोज बोलतात. जेवलीस काय, पाऊस-पाणी काय, ट्रान्सफरचं काय. गाडीबद्दल एक अक्षर नाही.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं, आणि ‘मिस्त्री’पाशी दोन्ही वेळा अडकले. मला बाबा कधी मिस्त्री म्हणाले नाहीत. पहिल्यांदा गाडी उघडली तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शाळेतून आले की दप्तर टाकून खाली. “गो, बॅटरी धर.” “गो, चौदाचो दी.” “गो, बाजूक हो.” एवढंच. एकदा पाना पायावर पडला तर नख काळं झालं, तेव्हाही म्हणाले, “पानो बरो हा ना?” तीन वेळचं काम, चौदा वर्षं, आणि माझं नाव ‘गो’. तू एक बोल्ट सोडवलास आणि मिस्त्री झालीस.

आता स्पष्टच लिहिते. मला हेवा वाटतो. चांगला सणसणीत वाटतो. तुमचं लग्न झालं तेव्हा घरात दोनच खोल्या होत्या. मी लग्न केलं नव्हतं, करणारही नव्हते. मी आपणहून बदली मागून घेतली, कोणी जा म्हटलं नव्हतं हे कबूल. खोली दिली, पलंग दिला, आईचं कपाट दिलं. त्यातलं मला परत काही नको. पण त्या गाडीच्या उजव्या चाकाशेजारची जागा मी कोणाला दिली नव्हती. ती तुला कोणी दिली? बाबांनीच दिली, म्हणून जास्त लागतं.

असो. काम चाललंय तर नीट चालू दे. बेल्ट उतरवण्याआधी प्रत्येक पुलीवरची खूण आणि तिच्या समोरची बॉडीवरची खूण पांढऱ्या रंगाने ठळक करून घे. पाण्याचा पंप त्याच वेळी बदल, नाहीतर वर्षभराने तो गळायला लागला की पुन्हा सगळं उघडावं लागेल. बेल्ट चढवला की चावी लगेच मारायची नाही, आधी पान्याने इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं आणि खुणा पुन्हा जुळतात का बघायचं. आणि होडीचं ज्ञान गाडीला लावू नकोस. होडीचं इंजिन म्हणजे शेतातला पंप. चूक झाली तरी भागतं.

चंद्रप्रकाशकाकांचं वाचून वाईट वाटलं. लहानपणी मी घरभर निरोप पोचवायचे म्हणून ते मला ‘तार मास्तर’ म्हणायचे.

हेमाताई

—

कांदिवली,
११ फेब्रुवारी

हेमाताई,

होडीत चूक झाली तरी भागतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? गाडी बंद पडली तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून रिक्षा बोलावतो. समुद्रात रिक्षा मिळत नाही. माझी आई शेवंती कांदिवलीच्या बाजारात मासळी विकते. तिला तुमचं ते वाक्य वाचून दाखवलं, तर म्हणाली, “तुझ्या नणंदेला एकदा पापलेटाच्या सीझनला घेऊन ये आत.”

जागेबद्दल काय लिहू? मी मागितली नव्हती. पण मिळाल्यावर आवडली, हे खोटं कशाला सांगू? माझे वडील गेले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. शेजारी बसून ‘आता उजवीकडे, आता हळू’ असं सांगणारं माणूस मला परत मिळेल असं वाटलं नव्हतं.

पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. पाण्याचा पंप आणला. दोन्ही बेल्ट उतरले. छोट्या बेल्टच्या आतल्या बाजूला केसासारख्या भेगा होत्या, बाबा म्हणाले, वेळेत उघडलं.

एक विचारायचं होतं, सहज. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खाली, एक बूच आहे. बोल्टसारखं दिसतं. ते कशासाठी आहे? बेल्ट चढवण्याआधी तिथे काही बघायचं असतं का? मोबाइलवर व्हिडिओ शोधले, पण सगळे दुसऱ्याच गाड्यांचे. तुम्ही तीनदा केलंय म्हणून मनात आलं, तुम्हाला विचारावं. लवकर कळवा. गाडी पोट उघडं टाकून उभी आहे आणि रतनभाईंनी नोटीस बोर्डावर आमच्या नावाने कागद लावलाय.

श्रुतिका

—

राजापूर,
१५ फेब्रुवारी

प्रिय श्रुतिका,

मागच्या बुचाकडे काही बघायचं नसतं. मला तरी तसं काही आठवत नाही. जुन्या इंजिनांना अशी कितीतरी बुचं असतात. पुढच्या खुणा जुळल्या की बेल्ट चढवायचा आणि मोकळं व्हायचं.

शर्ट धुऊन वगैरे पाठवू नकोस. तूच वापर. इथे आंब्याला मोहोर छान आलाय.

हेमाताई

—

कांदिवली,
२५ फेब्रुवारी

हेमाताई,

गाडी सुरू झाली. पण तिच्या अंगात आलंय.

चावी मारली तेव्हा आवाज गोड होता. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांनी रेस दिली आणि सगळी गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग, आरसे, मागची काच. जितका वेग तितकी थरथर. आकुर्ली रोडच्या सिग्नलपर्यंत गेलो आणि परत आलो. खुणा पुन्हा बघितल्या, सगळ्या बरोबर. इंजिन ज्यावर बसतं ती रबरं बघितली, बरोबर. कृणालने एका ओळखीच्या मेकॅनिकला आणलं, तो म्हणाला, “म्हातारी झाली गाडी, काका, सोडा आता.” बाबांनी त्याला हातही लावू दिला नाही.

आता जे लिहितेय ते आधीच लिहायला हवं होतं. बुचाचं मी सहज विचारलं नव्हतं. ते बाबांनी विचारायला सांगितलं होतं. बेल्ट उतरले तेव्हा ते म्हणाले, “मागे एक बूच आसा. थंय काय ता बघूचां लागता. ता काम हेमाचां. माझो हात थंय कधी पोचलोच नाय, ती बघी आणि माका सांगी. तिका इचार.” हे असंच्या असं तुम्हाला लिहायचं होतं. मी नाही लिहिलं. ‘मनात आलं’ असं लिहिलं.

का, तेही सांगते. दोन महिने मी रोज ऐकतेय. हेमा असा पाना धरायची. हेमाला सांगावं लागायचं नाही. हेमाचा हात इवलासा होता पण काम पक्कं. मला ते मिस्त्री म्हणतात ना, ते परक्या माणसाला म्हणतात तसं, मानाने. तुम्हाला ‘गो’ म्हणतात. तुम्हाला कळत नसेल, मला कळतं. त्यात हेही तुमचंच काम निघालं. तेवढं एक तरी माझ्या डोक्यातून आलंय असं तुम्हाला वाटू दे, म्हणून ती ओळ गाळली.

तुमचं उत्तर मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ‘मला तरी तसं काही आठवत नाही’ ही ओळ परत वाचायला लावली. मग म्हणाले, “हेमा नाय म्हणता, म्हणजे नाय. चढय बेल्ट.” मी चढवला.

थरथर सुरू झाल्यापासून ते खाली उतरलेले नाहीत. गाडीला कव्हर घातलंय. मला म्हणाले, “ता बूच माझ्या डोक्यातच होतां. दादाचा पण असाच सुरू झाला. आधी नसलेला दिसाक लागता, मगे असलेला जाता.” स्वतःहून कृणालला सांगून विसरभोळेपणाच्या डॉक्टरची वेळ घेतली, सात मार्चची. रविवारी मानखुर्दला गेले नाहीत. काकांसमोर बसायची भीती वाटते म्हणाले. काल घरातल्या चाव्या एकेक करून मला दाखवल्या, ही कशाची, ती कशाची, स्वतःची परीक्षा घेतल्यासारखं. सगळ्या बरोबर सांगितल्या. तरी त्यांना खरं वाटत नाही. भंगारवाल्याशी बोलणं झालंय, शिमगा झाला की गाडी नेणार.

ताई, तुम्हाला नीट आठवून बघा. खरंच काही नव्हतं का?

श्रुतिका

—

राजापूर,
१ मार्च

श्रुतिका,

होतं.

पत्र काल दुपारी काउंटरवर उघडलं आणि पुढच्या माणसाला मनीऑर्डरऐवजी रजिस्टरचं पान फाडून दिलं. फोन हातात घेतला, तुझा नंबर काढला आणि ठेवला. बाबा शेजारी असतील, त्यांचा आवाज आला तर मी पुन्हा काहीतरी खोटंच बोलेन, माझी मला खात्री आहे. कागदावर खोटं बोलायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात लाज वाटायला लागते. मागच्या वेळी वाटली नाही, कारण मी चार ओळींत आटपलं.

आधी कामाचं. ते बूच काढ. आत एक लांब, जाडसर स्क्रू ड्रायव्हर घाल. पाच-सहा सेंटिमीटर सरळ गेला तर आतला दांडा बरोबर बसलाय. दोन-अडीच सेंटिमीटरवर अडला तर दांडा उलटा आहे. तेलाच्या पंपाची पुली एक पूर्ण फेरा फिरवायची आणि पुन्हा बघायचं. पुढची खूण दोन्ही वेळा जुळलेलीच दिसते, फसगत तिथेच होते. दांडा उलटा असला की थरथर मारायच्या ऐवजी तो ती वाढवतो. इंजिनाला काही झालेलं नाही. मोठा बेल्ट सैल करून पुन्हा चढवावा लागेल, एवढंच.

बाबा पुढून पुली फिरवायचे आणि मी मागून हात घालून बसायचे. स्क्रू ड्रायव्हर आत गेला की मी ओरडायचे, “गेला!” मगच ते बेल्ट उचलायचे. तीन वेळा ओरडलेय. हे मी विसरेन? मरताना आईचं नाव विसरेन एक वेळ.

तू बुचाचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, हेही हिला सापडलं. माझ्याकडे तेवढी एकच गोष्ट उरली होती आणि ती तू ‘सहज’ विचारत होतीस. म्हटलं, होऊ दे थरथर. बाबा म्हणतील, हेमा असती तर असं झालं नसतं. एवढं एक वाक्य ऐकायला मी ते लिहिलं, आणि मोहोराबद्दल गोड गोड लिहून वर साखर पेरली. तुझं काम बिघडावं एवढंच मनात होतं. पलीकडे बाबा कान देऊन बसलेत हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नव्हतं ही काही सबब नाही. माहीत असतं तर खोटं बोलले नसते, आणि तू एकटीच आहेस असं समजून बोलले, याचा अर्थ काय होतो तो मला कळतो.

तू एक ओळ गाळलीस म्हणून स्वतःला दोष देऊ नकोस. तू गाळलीस, मी तर धादांत खोटं लिहिलं.

बाबांना हे सगळं वाचून दाखव. एक शब्द गाळू नकोस, माझी आब राखायला तर मुळीच नको. त्यांना सांग, बूच होतं. त्यांच्या डोक्यातलं सगळं जागेवर आहे. डोकं फिरलं होतं ते माझं. स्वतःच्या बापाला वेडात काढलं मी, एका स्क्रू ड्रायव्हरच्या हेव्यापोटी. ते माझ्याशी बोलले नाहीत तर मी समजेन. चंद्रप्रकाशकाका त्यांना ओळखत नाहीत, तसं त्यांनी मला ओळखलं नाही तरी माझी तक्रार नाही.

हे स्पीड पोस्टाने टाकतेय. पिशवीत मीच बांधलं.

हेमा

—

कांदिवली,
५ मार्च

हेमाताई,

काल पत्र आलं. आधी मी एकटीने वाचलं आणि तुम्हाला दोन शिव्या घातल्या, मनोरीच्या. लिहीत नाही, उगाच तुमच्या खात्यातल्या कोणी वाचल्या तर तुमचीच नोकरी जायची. रात्रंदिवस मी त्या माणसाला बघितलंय, ताई. चाव्या मोजताना बघितलंय. तुम्ही मोहोर बघत होतात.

मग बाबांसमोर बसले आणि सगळं वाचलं, एक शब्द न गाळता. माझ्याबद्दलचंही. कृणाल दारात उभा होता. ‘होतं’ हा पहिला शब्द वाचला तेव्हा त्यांनी मान वर केली. शेवटपर्यंत ऐकलं. मला वाटलं, आता चिडतील, किंवा रडतील. त्यांनी विचारलं, “खोटां बोललंय, असां लिवलां तिना? थंय परत वाच.” मी वाचलं. “परत.” तीनदा वाचायला लावलं.

आणि मग ते हसायला लागले. मी पाइपावरून पडले होते तेव्हासुद्धा ते असे हसले नव्हते. चष्मा काढून ठेवला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. “म्हंजे बूच होतां! ती इसराक नाय आणि मी पण इसराक नाय!” उठले, शर्ट चढवला, कठड्याला धरून दोन मजले उतरले आणि गाडीचं कव्हर स्वतः ओढून काढलं. रतनभाई समोरून आले, तर त्यांना थांबवून तुमच्याबद्दल सांगितलं, “माझां चेडू माझ्याशी खोटां बोललां!” पेढे वाटायला निघाल्यासारखं. रतनभाईंनी काही न समजता अभिनंदन केलं.

आज दुपारी मी बूच काढलं. स्क्रू ड्रायव्हर दोन सेंटिमीटरवर अडला. बाबांना बोलावून दाखवलं, त्यांनी स्क्रू ड्रायव्हरवर नखाने खूण करून ती कितीतरी वेळ बघितली. डॉक्टरची वेळ मी रद्द करू दिली नाही, या वयात एकदा दाखवलेलं बरं. ते येतो म्हणालेत, पण छाती पुढे काढून. भंगारवाल्याला आपणहून फोन करून हाकलला. रविवारी मानखुर्दलाही जाणार आहेत.

मी त्यांना विचारलं, “बाबा, ताईंचा राग नाही आला?” तर म्हणाले, “राग कसलो? ती आसाच तशी. तिच्या हातातला काढून दुसऱ्याक दिलेला तिका लहानपणापास्ना चलना नाय. मीच आधी तिका इचारूक व्हया होता.” म्हणजे बघा. चूक तुमची, आणि ती त्यांनी घेतली स्वतःच्या नावावर. दोन आठवडे तुमच्यामुळे घास गिळत नव्हते, आणि तुमचं नाव घेऊन काल दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

मोठा बेल्ट मी उतरवून ठेवलाय. चढवायचा नाही, असं मला बजावलंय. हेमा येऊन मागून ओरडल्याशिवाय बेल्ट उचलायचा नाही म्हणतात. शनिवारी रात्रीच्या एस्टीने निघालात तर रविवारी सकाळी याल, सोमवारी काम. जेवायला करून ठेवते. पुढून पुली मी फिरवणार, हे मात्र मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय, तेव्हा त्यावरून आल्या आल्या वाद नको.

दोन महिने मी त्या माणसाजवळ गोणपाटावर बसले, ताई. त्यांच्याशी एक शब्द खोटा बोलले नाही, एक बोल्ट सैल सोडला नाही. नखांतलं ग्रीस अजून निघत नाही, लॅबमध्ये सगळे विचारतात. एवढं करून त्यांना कालच्यासारखं हसवायला तुमचं एक खोटं लागलं. ते हसत होते तेव्हा मी पत्र हातात धरून उभी होते आणि माझी नुसती आग आग होत होती. आणि हे सांगायला मला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नाही, कारण दुसऱ्या कोणाला ते कळणारच नाही.

तुमची,
श्रुतिका